भलत्या गाण्याखाली भलती चाल

पुण्यातल्या एका टाइपसेटरने केडगावच्या बाईंना फसवलं आणि खापर माझ्या दौंडच्या प्रेसवर फोडलं.

बाई चर्चमध्ये ऑर्गन वाजवायच्या. जुन्या बायकांच्या तोंडून ऐकलेल्या भजनांच्या चाली त्यांनी वह्यांत उतरवल्या होत्या; त्या दुसरीकडे कुठेच नाहीत. काचबिंदूने नजर चालली होती. दिसतंय तोवर पुस्तक बरोबर छापलेलं बघावं, एवढंच त्यांचं मागणं.

पाच रेघांवरची ती स्वरलिपी मला येत नाही, म्हणून पानं पुण्याच्या त्या टाइपसेटरला जुळवायला दिली. त्यालाही येत नव्हती. प्रत्येक चालीचं चित्र करून, जिथं मावेल तिथं त्याने चिकटवलं. "तज्ज्ञाला दाखवलंय," म्हणाला. मी छापलं.

पहिल्याच रविवारी नवी वादक पुस्तकात बघून वाजवू लागली. पुढच्या बाकावरून बाई म्हणाल्या, "अगं, मातीला म्हणायचं गाणं लग्नाच्या चालीवर का वाजवतेस?"

मी पुण्याला फोन लावला. "शेठ, खेड्यात कोणाला कळतंय?" तो हसला. वर चार गिऱ्हाइकांना सांगितलं, दौंडवाल्याने पानं उलटसुलट केली. पायाने चालवायच्या ट्रेडल मशिनशेजारी शिशाचे खिळे जुळवत मी मोठा झालोय. शिव्या मला येतात. त्या मी दिल्या. पण पुस्तक महिनोन्महिने तसंच राहिलं.

त्यानंतर शिरूरची माझी भाची आली. ती कारखान्यात मशिनचे प्रोग्रॅम लिहिते.

"मामा, ती चित्रं आधी टाकून द्या."

"आन् मग चाल कुठनं आणणार?"

"लिहिणार. तुम्ही जरा गप बसा."

बाईंच्या घरी त्यांच्या वह्या समोर ठेवून, कुठल्या रेघेवर कुठला स्वर ते त्यांनाच विचारत, तिने गाण्याचे शब्द टाइप केले आणि त्याच फाइलीत, शब्दांखाली, चालीचे स्वर साध्या अक्षरांत लिहिले. दोन्ही एकत्र, वेगळे व्हायची सोयच नाही. अशी सगळी गाणी झाल्यावर तिने एक कमांड दिली. संगणकाने रेघा ओढल्या, स्वर मांडले, शब्दाचं अक्षरन् अक्षर आपापल्या स्वराखाली बसवलं, पानं पाडली, अनुक्रमणिकाही केली. त्याच फाइलींतून त्याने चाली वाजवूनही दाखवल्या. बाई डोळे मिटून ऐकत होत्या.

"इथं कोमल हवा. आणि एक कडवं राहिलंय."

भाचीने एक अक्षर बदललं, कडवं घातलं, पुन्हा तीच कमांड दिली. स्वर बदलला, पुढची सगळी पानं सरकली, अनुक्रमणिकेतले आकडेही आपोआप सुधारले. चहा निवायच्या आत. कातर आणि डिंक घेऊन याच कामाला मी आठवडे घालवलेत. जन्मभर घासाघीस केलेला माणूस मी, पण त्या दिवशी या प्रोग्रॅमचा भाव विचारायचंही सुचलं नाही.

बाईंनी कानांनी सबंध पुस्तक तपासलं. मी छापून नेलं, तेव्हा त्या पानावरून बोट फिरवत म्हणाल्या, "रेघा दिसतात हो. स्वर नाही दिसत आता."

पहिलं पुस्तक निस्तरण्यात गेलेले महिने त्यांच्या नजरेचे होते. न तपासता छापलं, ही माझी चूक मी त्यांच्यापुढे कबूल केली. आता त्या पुण्यावाल्याने केडगावला यावं, बाईंच्या समोर बसावं आणि कोणाला कळत नाही ते त्यांना तोंडावर सांगावं.