चाळीसच हाय, माय

यंदाच्या मार्चमधल्या एका मंगळवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी आम्ही माझ्या आईला घेऊन जाफराबाद तालुक्यातल्या आमच्या गावातून जालन्याच्या दवाखान्याकडे निघालो. अंतर चोपन्न किलोमीटर. गाडी मी चालवत होतो आणि ऐंशीच्या खाली फारशी येऊ दिली नाही. वाटेत कुठेही थांबलो नाही. दवाखान्याच्या केसपेपरवर आम्ही पोचल्याची वेळ तीन वाजून एकतीस मिनिटे आहे.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही... इथे असे अनुभव लिहिणारे सगळेच हे म्हणतात, ठाऊक आहे. जालन्यातल्या एका दैनिकात मी सतरा वर्षं डेस्कवर आहे. भानामतीची, आपोआप पेटणाऱ्या कपड्यांची बातमी आली की ती माझ्या हातात यायची आणि तिथेच संपायची. वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, शाळेत मुख्याध्यापक होते. घरात बुद्धवंदना होते. अंगारा, लिंबू, उतारा यातलं काही त्यांनी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. तेव्हा खाली लिहितो ते ज्याची खात्री करता आली तेवढंच.

गाडी दादांची. सत्त्याण्णव सालचं मॉडेल, पांढरी, लहान. मीटर केबलवर चालणारं – गिअरबॉक्सपासून एक तार फिरत येते आणि तिच्या फिरण्यावर सुई हलते. इलेक्ट्रॉनिक काही नाही.

गाडी घरी आली तेव्हा मायनं एकच अट घातली होती: चाळीसच्या वर न्यायची नाही. तिला आकडे वाचता येत नाहीत. दादांनी बरीच वर्षं खटपट केली, पण सहीच्या पुढे ती गेली नाही. म्हणून त्यांनी तिच्याच पाकिटातली एक मरून टिकली काढून मीटरच्या काचेवर चाळीसच्या आकड्यावर लावली. माय शेजारच्या सीटवर बसायची आणि रस्त्याकडे न बघता सुईकडे बघायची. सुईनं टिकली ओलांडली की गाडी थांबवायला लावून खाली उतरायची. एकदा राजूरच्या अलीकडे ती अशी उतरली आणि पाऊण किलोमीटर चालत गेली, मागून दादा पहिल्या गिअरमध्ये. गणपतीला निघालेले लोक थांबून बघत होते. दादांनी त्यानंतर टिकली कधी ओलांडली नाही.

दादा तीन वर्षांपूर्वी गेले. गाडी मी चालवायला लागलो, सुटीच्या दिवशी जालन्याहून गावी गेलो की. माय, मी आणि माझी धाकटी बहीण वंदना, ती गावाजवळच्या शाळेत शिक्षिका आहे आणि मायजवळच राहते.

मागच्या दिवाळीनंतर सुई बिघडली. आधी थरथरायला लागली, तीस ते साठच्या मध्ये, मागून टिकटिक आवाज. जाफराबादला रशीदमामू आहेत, दादांच्या काळापासून गाडी तेच बघतात. त्यांनी केबल काढून ग्रीस भरलं. आठ दिवसांनी पुन्हा तेच. मग केबल नवी टाकली. थरथर थांबली, पण वेगळंच सुरू झालं: सुई चाळीसपर्यंत चढायची आणि टिकलीखाली थांबायची. मामूंनी गिअरबॉक्समधली प्लॅस्टिकची गरारी, केबल फिरवणारं दातेरी चाक, बदलली. पुढची चाकं जॅकवर उचलून गाडी गिअरमध्ये टाकली – सुई सरळ नव्वदपर्यंत गेली. रस्त्यावर फोनमधलं वेग दाखवणारं ॲप लावून बघितलं. फोन साठ, सुई साठ.

संध्याकाळी मायला घेऊन निघालो. फोन साठ, सुई चाळीस.

मी गाडी परत नेली. मामूंचा विश्वास बसेना. ते स्वतः मागे बसले, माय पुढे, मी चालवली. टेंभुर्णीच्या रस्त्यावर साठ, पासष्ट, सत्तर केली. सुई टिकलीखाली, हलली नाही. मायला मामूंच्या घरी चहाला बसवून पुन्हा तोच रस्ता – सुई सत्तर. मामू म्हणाले, त्या बाजूच्या वजनानं डॅशबोर्ड दबून केबल अडत असेल. त्यांनी समोरच्या दुकानातून सरकी पेंडीचं पोतं आणून पुढच्या सीटवर टाकलं, पट्टा लावला. पोत्याला घेऊनही सुई सत्तर.

"केबल नवी, गरारी नवी, मीटर बराबर हाय," मामू म्हणाले. "आता फक्त सवारी बदलायची राह्यली, साहेब."

आम्ही हसलो. ते मीटर काढून संभाजीनगरला एका माणसाकडे पाठवायचं म्हणत होते. मी नको म्हणालो. राहू द्या तसंच. माय बसलेली असताना सुई चाळीस दाखवते, तर बिघडलं कुठे? चोपन्न किलोमीटरला दीड तास लागायचा, तो वाचेल.

मामूंना ते आवडलं नाही. "तिला सांगून चालवा," एवढंच म्हणाले.

मी सांगितलं नाही. त्यानंतर मार्चपर्यंत मायला चार वेळा जालन्याला नेलं, डोळ्याच्या तपासणीला. सत्तरनं गेलो, चारही वेळा पन्नास मिनिटांच्या आसपास पोचलो. माय सुईकडे बघत बसायची. मध्येच विचारायची, "किती हाय?" मी म्हणायचो, "चाळीसच हाय, माय." ती खूश होती. वंदनाला म्हणाली, "बापाची अक्कल याला आत्ता आली, केस पिकल्यावर." वंदनाला खरं माहीत होतं. तिनं आरशातून माझ्याकडे बघितलं.

त्या मंगळवारी मी गावी होतो. अकरा वाजता शेतात जायला निघालो तेव्हा मायनं भाकरी बांधून दिली, ठीक होती. दीडच्या सुमारास वंदना सकाळची शाळा करून आली, तर माय ओट्याला टेकून खाली बसलेली, तोंड डावीकडे ओढलेलं, उजवा हात लुळा. वंदनानं मला फोन केला, मी शेतातून येईपर्यंत दोन वाजले. रुग्णवाहिका दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेली होती, यायला पाऊण तास लागेल असं कळलं. थांबायचं नाही ठरलं. मायला पुढच्या सीटवर, सीट मागे पाडून बसवलं. वंदना मागून तिचं डोकं धरून बसली. फोन होल्डरला, वेगाचं ॲप सुरू.

रस्ता मोकळा होता. फोनवर ब्याऐंशी, पंच्याऐंशी, एकदा अठ्ठ्याऐंशी. हे मी बघितलं आणि मागून वंदनानंही बघितलं. इंजिनचा आवाज त्या वेगाचा होता, खिडकीतून येणारा वारा त्या वेगाचा होता. सुई टिकलीखाली होती. त्याची मला सवय होती.

माय शुद्धीत होती. मान वाकडी, पण डोळे मीटरवर. तिच्या तोंडून काहीतरी आलं, शब्द नव्हता. मी सवयीनं म्हणालो, "चाळीसच हाय, माय."

राजूर मागे टाकताना वंदनानं दवाखान्यात फोन केला, पेशंट घेऊन येतोय, राजूर सोडलं. मला वाटलं वीस मिनिटांत पोचू. घड्याळाकडे दोघांनीही बघितलं नाही.

पोचल्यावर स्कॅन झालं. डॉक्टरांनी विचारलं, शेवटची ठीक कधी होती? अकरा, मी म्हणालो. त्यांनी केसपेपरवरची वेळ बघितली. मग म्हणाले, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात. "तुम्ही तीनच्या आत आला असतात तर देता आलं असतं."

मी म्हणालो, आम्ही तीनच्या आतच आलोय. त्यांनी केसपेपर माझ्याकडे फिरवला.

पुढच्या आठवड्यात मी बातमी तपासतो तसं हे तपासलं. निघताना शेजारच्या काकूंना किल्ली दिली, त्यांनी लगेच जालन्यातल्या आमच्या एका नातेवाइकाला फोन लावला होता: दोन वाजून अकरा मिनिटे. वंदनाचा राजूरचा फोन: दोन वाजून बावन्न. राजूर आमच्या गावापासून अठ्ठावीस किलोमीटर आहे. दवाखान्याच्या फाटकावरच्या रजिस्टरात गाडीचा नंबर, तीन वाजून एकोणतीस. ॲपमध्ये जुना वेग साठवला जात नाही. वंदनाला मी वेगळं बसवून विचारलं, थांबलो होतो का, कुणी आडवं आलं का, मी वेग कमी केला का. तिन्ही वेळा ती 'नाही' म्हणाली. मी तिला पुन्हा विचारलं तेव्हा ती म्हणाली, "भाऊ, तू मला विचारून राह्यला का स्वतःला?"

चोपन्न किलोमीटर, एक तास एकवीस मिनिटे. सरासरी वेग ताशी चाळीस.

गाडी मामूंकडे नेली. त्यांनी अख्खा दिवस लावला. मी, ते, पोतं, सगळ्यांना घेऊन मीटर बरोबर. त्यांनी पैसे घेतले नाहीत आणि मी काय झालं ते सांगितल्यावर टिकलीला हातही लावला नाही. पाठवायचं का मीटर संभाजीनगरला, मी विचारलं. "आता कशाला," ते म्हणाले.

 ज्यांना वाटतं मी त्या दिवशी घाबरून हळू चालवली असेल, त्यांना मी खोटं म्हणणार नाही. मला तसं आठवत नाही आणि वंदनालाही आठवत नाही.

एकोणीस दिवसांनी मायला सुटी मिळाली. उजवी बाजू गेली आहे, बोलणं आलेलं नाही. तिला त्याच गाडीतून, पुढच्या सीटवर बसवून घरी आणलं. पूर्ण रस्ता फोनवर चाळीस ठेवलं. सुई चाळीसवर होती. मायनं एकदाही तिच्याकडे बघितलं नाही, ती खिडकीबाहेर बघत होती. सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी निघालो, बारा वाजून सव्वीस मिनिटांनी दारात होतो. एक तास एकवीस मिनिटे.