तुओवीने पंप बदलला नाही

कुहमो गावातल्या जुन्या डेअरीत तुओवी हेइस्कारीचं गॅरेज होतं. एकोणिसाव्या वर्षी ती कायानी शहरातल्या मोठ्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिकचं काम मागायला गेली, तर त्यांनी तिला कॉफी करायला ठेवायची तयारी दाखवली. ती आल्या पावली परतली. पुढची सदतीस वर्षं तिने कुणाच्या दारात काम मागितलं नाही.

मार्चमध्ये सायमाने तिच्याकडे गाडी आणून टाकली. सायमा नर्स, रानातल्या घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांना तपासायची. तिची डिझेल गाडी चढ लागला की धापा टाकायची. कायानीवाल्यांनी तीन आठवडे गाडी ठेवून घेतली, इंधनाचा दाब मोजणारा सेन्सर बदलून पाहिला, फरक पडेना. मग फोरमन लाऊरीलाने चक्क लिहूनच दिलं : पंप गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुओवीने इंजिन चालू न करताच मीटर जोडला.

"रात्रभर गाडी बंद आहे, आणि हा म्हणतो दाब आहे! सायमा, पंपाचा काही गुन्हा नाही. मोजणारा खोटं बोलतोय."

"अगं, पण सेन्सर कोरा करकरीत आहे."

"मग त्याला कुणीतरी खोटं बोलायला लावतंय."

सेन्सरला तीन तारा. वीज बरोबर येत होती. अर्थिंगच्या तारेवर मात्र शून्य हवं तिथे अर्धा व्होल्ट. तुओवी बोटांनी चाचपत गेली. पत्र्याच्या कडेला तार घासली होती, बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर टाकलेलं मीठ आत शिरून तांबं हिरवं पडलं होतं. त्यामुळे दाब आहे त्याहून जास्त दिसे, गाडीतला कॉम्प्युटर तो आणखी उतरवी, आणि गाडी उपाशीपोटी चढ चढे.

तिने सडका तुकडा कापला, नवा जोडला. मीटर शून्यावर आला.

"चल, कायानीला."

"आता कशाला? झाली की गाडी!"

"त्यांनी लिहून दिलंय ना? तेही दुरुस्त करून घेऊ."

कायानीत सगळं ऐकून फोरमन लाऊरीला खिशात हात घालून हसला. "नशीब फळलं तुझं, बाई."

"ते तुझ्या दाराशी तीन आठवडे उभं होतं. बस गाडीत, आणि मीटर तूच धर."

वर्कशॉपमागचा चढ गाडी एका दमात चढली. गाडीतून उतरताना लाऊरीला पुटपुटला, "ठीक आहे. मानलं."

"पुटपुटू नकोस. लिही."

वर्कशॉपमधल्या पोरांनी काम थांबवून हातातले पाने खाली ठेवले होते. त्यांच्यादेखत त्याने लिहिलं : पंप चांगला आहे, तार खराब होती.

"सही?"

त्याने सही केली. तुओवीने कागद सायमाच्या हातात दिला आणि म्हणाली, "जा आता. तुझे म्हातारे खोळंबलेत. मी बसने जाईन."