शिवदासकाका आधी बसून बघतात

खारी गावच्या शिवदास म्हात्र्यांनी आजवर दोनशेच्या वर संडास बांधले आणि त्यातल्या प्रत्येकात सगळ्यात आधी ते स्वतः बसले. गैरसमज नको. पूर्ण कपड्यांत, डोक्यावर टोपी, आतून कडी लावून आणि निव्वळ तपासणीपुरते. दहा मिनिटं, घड्याळ लावून. बाहेर घरातली माणसं, शेजारीपाजारी आणि एखादी बकरी ताटकळत उभी. मग कडी वाजायची, काका बाहेर यायचे आणि चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता निकाल द्यायचे.

"दार गुडघ्याला लागतंय. बिजागरी बदलाची."

"खिडकी खाली झाली. रस्त्यावरनं टोपी दिसंल."

आणि सगळं मनासारखं असेल तर फक्त, "हवा चांगली हाय. पास."

मी सुचेता. खाडीकाठच्या ज्या कुटुंबांच्या शेतात खारं पाणी शिरून भात गेलं आणि ज्यांच्या अंगणातही आता उधाण येऊन बसतं, त्यांना संडास बांधून देणाऱ्या एका छोट्या संस्थेत मी काम करते. राहते सिल्व्हर पार्कच्या फ्लॅटात, पण वाढले गिरगावच्या चाळीत, चौदा बिऱ्हाडांत तीन संडास या हिशेबाने. त्यामुळे या विषयात मला कोणी शिकवू शकेल असं मला वाटत नव्हतं. पहिल्याच भेटीत मी काकांपुढे संस्थेचं ड्रॉइंग पसरलं. त्यांनी ते नीट बघितलं, चार घड्या घातल्या आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवलं.

"काका, ते ड्रॉइंग आहे!"

"हाय ना. कागदाला कवा भरती आली हाय, म्याडम? आपून पान्याला विचारू."

मला इतका राग आला की पुढचा चहा मी घेतलाच नाही. टेबल मात्र डुगडुगायचं थांबलं होतं, हे कबूल केलं पाहिजे.

पाण्याला विचारायची त्यांची पद्धत म्हणजे एक काठी. म्हात्र्यांचं पूर्वी मिठागर होतं. मिठागराच्या बांधाची उंची चुकली की वर्षाचं मीठ खाडीत, म्हणून काकांच्या वडिलांनी एका शिसवी काठीला चाकूने खाच पाडून ठेवली होती. नेहमीच्या भरतीची रेघ जिथे असेल तिथे काठीचं टोक टेकवायचं. वर्षातलं सगळ्यात मोठं उधाण खाचेपर्यंत येणार, त्यापुढे नाही. खाचेच्या वर एक वीत ठेवायची आणि निवांत झोपायचं. आगर बंद पडलं, एका भावाने लग्नाचा हॉल काढला, दुसऱ्याने रिक्षा घेतल्या, काकांच्या वाटणीला काठी आली. ते गवंडी झाले. संडासच का, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "बंगला बांधला की लोक मालकाचा नाव घेतात. संडास बांधला की आतला मानूस रोज सकाली माझा विचार करतो."

वरसावे गावाच्या खालच्या अंगाला, हमरस्ता आणि खाडीतल्या तिवरांच्या जंगलाच्या मधे, अकरा घरांचा एक पाडा आहे. तिथलं काम आम्हाला मिळालं. रस्त्याच्या बाजूला आडोसा नाही, म्हणून पाड्यातल्या बायका बांधापलीकडच्या चिखलात जायच्या, आणि तेही ओहोटी असेल तेव्हाच, कारण भरतीला ती जागा पाण्याखाली. भरती रोज पाऊण तास पुढे सरकते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते: अष्टमीला सहा, पुनवेला सव्वाअकरा. पाड्यातल्या पोरींना पाढे येण्याआधी हे गणित यायचं. अष्टमीच्या आसपास तर नेमकं पहाटे पाणी भरलेलं. पोट मात्र पंचांग बघत नाही.

पहिलं घर गिरिजाबाईंचं. वय सत्तर, एक खुबा धरलेला, जीभ मात्र ठणठणीत. तरुणपणी काकांच्या वडिलांच्या आगरात त्या डोक्यावरून मीठ वाहायच्या, त्यामुळे दोनशे संडासांच्या या शिल्पकाराला त्या नाक गळणाऱ्या पोरासारखं वागवायच्या.

"शिवा, तुझा बाप बांध घालायचा तो हालायचा न्हाय. तू काय करतंस बघू."

काकांनी जीव ओतून काम केलं. खड्डा खणला की हातभरावर खारं पाणी लागतं, म्हणून टाकी अर्धी जमिनीत, अर्धी वर. काठी लावली, खाच बघितली, वर एक वीत, तीन पायऱ्या. आत बसले, दहा मिनिटांनी बाहेर आले. पास. गिरिजाबाईंनी वीस दिवस संडास वापरला आणि एकविसाव्या दिवशी नारळी पुनव आली.

त्या दिवशी सकाळी काका खारीच्या धक्क्यावर दर्याला नारळ देऊन थेट पाड्यावर आले होते. कपाळाला गंध, अंगात नवा सदरा. सव्वाअकराला पाणी चढलं. घरांत शिरलं, ते अपेक्षित होतं. पहिली पायरी गेली, दुसरी गेली. काका हसत होते. "आता थांबंल." तिसरी गेली. मग संडासाच्या आतून गिरिजाबाईंचा असा आवाज आला की तिवरांतले बगळे उडाले. नुसतं दारातूनच नव्हे, पाणी भांड्यातूनही वर आलं होतं, आणि ते एकटं आलं नव्हतं.

दार उघडून बाई बाहेर आल्या. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातात टमरेल. त्यांनी काकांना जे सुनावलं त्यातलं छापण्यासारखं एवढंच, "दर्याला नारल दिलंस तवा माझा पत्ता कशाला दिलास?"

पाडा हसला. मीही हसले. काका हसले नाहीत. वाकून त्यांनी काठी पाण्यात धरली. पाणी खाचेच्या वर एक वीत आणि चार बोटं उभं होतं.

त्यानंतर आठ दिवस काकांचा फोन बंद. इकडे गिरिजाबाई पुन्हा ओहोटी बघून बांधापलीकडे जायला लागल्या. खुबा धरलेली बाई, घोटाभर चिखल. एकदा पडल्या. मग त्यांनी आपला उपाय शोधला: दुपारचं जेवण बंद, चार वाजल्यानंतर पाणी बंद. जायलाच लागू नये म्हणून. हे त्यांनी मला उपासाची माहिती द्यावी तशा सहज सांगितलं. ऐकता ऐकता मी त्यांच्याच माठातलं पाणी प्यायले, याची मला अजून लाज वाटते. उरलेली दहा घरं थांबून बघत होती. बाईचा संडास बुडाला तर आमच्या अंगणात खड्डा नको, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात चूक काहीच नव्हतं.

मी खारीला गेले. चारी बाजूंनी सात मजली इमारती आणि मधे काकांचं कौलारू घर. काका ओटीवर काठी मांडीवर घेऊन बसले होते.

"काका, तुमची चूक नाही. समुद्राची पातळी वाढतेय. तिकडे ध्रुवावरचा बर्फ वितळतोय."

"म्याडम, बरफ कुठं आन गिरजाबायचा संडास कुठं!" मग त्यांनी काठीवरची खाच अंगठ्याने चाचपली. "दर्या कवा खोटा बोलत न्हाय. बापाची काठी पन खोटी न्हवती. मीच मेला, चालीस वरसं खाच बघत बसलू, पानी बघितलाच न्हाय."

त्यांनी खिशातून चाकू काढला. जुन्या खाचेच्या वर एक वीत आणि चार बोटं मोजली आणि नवी खाच पाडायला घेतली. "बापाच्या वर हात गेला माझा," ते म्हणाले. मला फार वाईट वाटलं. मी ते बोलूनही दाखवलं. त्यावर काका म्हणाले, "वाईट नंतर वाटून घ्या. भादव्याची पुनव याच्यापेक्षा मोठी असते. आधी तोडायला मानसं द्या."

स्वतःच्या हाताने केलेलं काम त्यांनी स्वतःच्या हाताने तोडलं. टाकी वर घेतली, भांडं उचललं, नव्या खाचेवर एक नव्हे, दोन विती ठेवल्या. आता पायऱ्या झाल्या सात. गिरिजाबाईंनी आपली काठी टेकत खालून वर बघितलं.

"शिवा, यो संडास हाय का जीवदानी देवीचा डोंगर?"

प्रश्न रास्त होता. कोरडा, हवेशीर, उधाणाला पुरून उरणारा संडास तयार होता, फक्त जिच्यासाठी बांधला तिला वर जाता येत नव्हतं. काका टोपी काढून डोकं खाजवत राहिले. मग त्यांनी बाईंना विचारलं, "गिरजाबाय, आगरावर मिठाची रास केवढी असायची? दोन पुरुस उंच?"

"असंल की."

"डोक्यावर भरलेला घमेला घेऊन कशी चढायचीस?"

"चढ घातलेला असायचा. तुझा बाप घालायचा. पाय आपसूक जायचा."

दुसऱ्या दिवशी सातही पायऱ्या उडवल्या गेल्या आणि काकांनी चढ घालायला घेतला. बाईंच्या उंबऱ्यापासून थेट संडासाच्या दारापर्यंत. मापाला टेप नाही. घमेल्यात ओली रेती भरायची, डोक्यावर घ्यायची आणि चढून बघायचं. वर पोचल्यावर धाप लागली तर चढ उभा झाला. सहासष्ट वर्षांचे काका घमेलं घेऊन चढत, वर जाऊन हाशहुश करत, आणि खाली येऊन सांगत, "तोडा." असं तीनदा झालं. प्रत्येक वेळी चढ लांबत गेला. आधी तो शेवग्याला वळसा घालून गेला, मग कोंबड्यांच्या खुराड्याला, आणि शेवटी अर्ध्या घराला प्रदक्षिणा घालूनच वर पोचला. संस्थेला मला लेखी खुलासा द्यावा लागला की ड्रॉइंगमध्ये नसलेली ही वस्तू म्हणजे किल्ला नव्हे. ड्रॉइंग काकांकडे मागायची सोय नव्हती. ते टेबलाखाली होतं.

भाद्रपद पौर्णिमा आली. दहा वाजल्यापासून पाणी चढायला लागलं. घरांतून पाणी, अंगणात पाणी, आणि पाड्यातली सगळी माणसं गाठोडी, कोंबड्या, पोरं घेऊन त्या चढावर ओळीने उभी, कारण सगळ्या पाड्यात कोरडी जागा तेवढीच. काका सदऱ्याच्या बाह्या सारून चढाच्या टोकाला पोचले. नव्या कामाची तपासणी व्हायची होती. कडीला हात घातला तोच मागून आवाज आला.

"हट शिवा. तुझ्या बसन्याचं काय कौतुक?"

गर्दीला बाजूला सारत गिरिजाबाई येत होत्या. डावा हात भिंतीला, उजव्या हातात टमरेल, आणि पाय, खरंच, आपसूक जात होता. त्या आत गेल्या. कडी लागली.

काकांनी घड्याळ बघितलं. सव्वाअकरा. खाली उतरून त्यांनी काठी पाण्यात धरली आणि नव्या खाचेकडे टक लावून बसले. दहा मिनिटं झाली. वीस झाली. पाणी खाचेच्या तीन बोटं वर येऊन थांबलं, दोन विती पुरून उरल्या, पण काकांना त्याचा आनंद होईना. पंचवीस मिनिटांनी ते कुजबुजले, "म्याडम, आवाज द्या. पडली-बिडली असंल."

मी वर गेले. दारावर थाप मारायला हात उचलला आणि मला चाळीतले पंढरीनाथ आठवले. आमच्या संडासाच्या दारावर रोज सकाळी त्यांचं टमरेल वाजायचं, 'किती वेळ गं?' मोजून अठरा वर्षं मी त्या आवाजाला धडपडत उठत होते. मी हात खाली घेतला. "गिरिजाबाई," मी हळूच विचारलं, "बऱ्या आहात ना?"

"हाय." बस, एवढंच.

पुढे आणखी वीस मिनिटांनी कडी निघाली. काका धावतच वर आले.

"काय झालं गं?"

"काय व्हायचं? बसलेली."

"पाऊन तास?"

"सत्तर वरसं पानी बघून उठलंय, शिवा," गिरिजाबाई म्हणाल्या. "आज पानी खाली थांबलेला, आन मी वर बसलेली."

पाड्यातल्या दोन-तीन बायकांनी पदर तोंडाला लावला होता, आणि त्या हसत नव्हत्या. काकांनी टोपी काढली, हातात चुरगळली आणि परीक्षेला बसलेल्या पोरासारखं विचारलं, "मंग? पास?"

बाईंनी दार एकदा उघडून मिटून बघितलं. "बिजागरी वाजतं," त्या म्हणाल्या आणि टमरेल हलवत चढ उतरून गेल्या. त्या दुपारी त्या पोटभर जेवल्या. मी समोर बसून बघितलं.

उरलेले दहा संडास दिवाळीपर्यंत झाले, दहाही चढांसकट. काका आता आधी आत बसत नाहीत. त्या घरातली सगळ्यात म्हातारी बाई बसते, आणि काका चढाच्या पायथ्याशी दाराकडे पाठ करून उभे राहतात. घड्याळ काढून खिशात ठेवतात. कोणी हाक मारायला निघालं, तर काठी आडवी धरतात.