अक्कांनी जोडू न दिलेली केबल

डॉ. वसुंधरा निपाणीकर यांना, म्हणजे आम्हा सर्वांच्या अक्कांना, मी पहिल्यांदा पाहिले ते मल्लेश्वरममधल्या एका बैठकीत. उद्याची संगणक-जाळी कशी असावीत याचे प्रयोग करण्यासाठी बेंगळुरूतल्या काही संस्थांनी मिळून एक सामायिक प्रयोगशाळा उभारावी, असे चालले होते. जो तो आपण काय करून दाखवू ते रंगवून सांगत होता. अक्कांची पाळी आली तेव्हा त्या म्हणाल्या, "मला भीती वाटते. एकाचा प्रयोग बिघडला तर तो दुसऱ्याच्या अंगावर येणार नाही, हे कोण बघणार?" मी पुण्याहून नुकताच आलेलो. मनात म्हटले, या बाई कसली प्रयोगशाळा उभारणार. पुढे आराखड्याचे काम त्यांच्याकडेच आले आणि मी त्यांच्या हाताखाली.

आराखड्यात एक रुग्णालयही होते. अतिदक्षता विभागातल्या रुग्णांची नाडी, श्वास हे सारे नव्या जाळ्यातून डॉक्टरांपर्यंत नीट पोचते का, ते पाहायचे होते. त्यासाठी आमच्याकडून तिथे एक केबल गेली होती. पहिल्या चाचणीच्या दिवशी सगळे तयार असताना अक्कांनी ती जोडू दिली नाही. "स्वल्प थांबा की. आधी आपल्यात आपल्यात बघू." आम्ही एकमेकांकडे पाहून हसलो.

चाचणी सुरू झाली आणि बघता बघता शेजारच्या संस्थेचा प्रयोग बंद पडला. पाठोपाठ आमच्या इमारतीतले फोन गेले. दोन प्रयोग वेगळे राहावेत म्हणून जाळ्यात आखलेली भिंत टिकलीच नव्हती. केबल जोडलेली असती तर पलीकडच्या रुग्णांची नाडी डॉक्टरांना दिसायची थांबली असती. अक्कांनी स्वतः जाऊन ती सुटीच आहे ना, ते पुन्हा एकदा पाहिले.

भिंत ओलांडून दुसऱ्यांवर गेलेला प्रयोग शिल्पाचा होता. बेळ्ळंदूरहून येणारी ही संशोधक आपली नोकरी गेलीच असे धरून चालली होती. अक्का तिला घेऊन खाली कॉफीला गेल्या. दुसऱ्या दिवशी सर्व संस्थांसमोर त्यांनी आपण होऊन सांगितले, "शिल्पाचं काय चुकलं नाही. भिंत मी आखलेली, तीच कच्ची निघाली." ती पुन्हा आखण्यात बरेच महिने गेले. लोक आम्हाला भित्रे म्हणत. अक्का "सरी", म्हणजे बरं, एवढेच म्हणत आणि पुढच्या चाचणीला लागत.

आता साठाव्या वर्षी अक्का निवृत्त होत आहेत. त्यांचा हा गौरवग्रंथ आपल्या हाती पडेल त्यानंतर लवकरच ती केबल जोडायची आहे, आणि जोडायची की नाही हे आता त्यांच्या जागी मी ठरवायचे आहे. चाचण्या सगळ्या पार पडल्या, तरी मला धड झोप लागत नाही. पलीकडे नळ्या लावलेली माणसे आहेत.

परवा मी त्यांच्या घरी जाऊन सांगितले, "अक्का, मला फार भीती वाटते. तुम्ही आणखी थोडे दिवस थांबा."

त्यांनी माझ्यापुढे उपीट ठेवले. "ज्यांना वाटत नव्हती, त्यांना मी नाही म्हटलं. तुला वाटते म्हणून तुझं नाव दिलं. खा आता."

अक्कांना निरामय, दीर्घ आयुष्य लाभो, हे मागणे आपल्या सर्वांच्या वतीने. त्यांनी आता मनसोक्त हिंडावे, निपाणीला महिना महिना राहावे. फक्त केबल जोडू त्या दिवशी त्यांनी बेंगळुरू सोडू नये, ही विनवणी माझी एकट्याची.