हातवरे

हातवरे हे त्याचं आडनाव नव्हतं. कबड्डीत चढाई करणाऱ्याचं निसटतं बोट लागलं, तरी पंचांची शिट्टी वाजायच्या आत हा स्वतःच हात वर करून बाहेर जायचा. लोक हात वर करतात ते अंग काढून घ्यायला. हा करायचा बाद झाल्याचं कबूल करायला. म्हणून सुरतच्या उधन्यातल्या आम्हा सवंगड्यांनी त्याचं हे बारसं केलं. आम्ही वैतागलो की घरच्या अहिराणीत म्हणायचा, "पंचले नही दिसनं, पन माले तं समजनं ना, भो!"

पुढे तो मोठ्या लीगमध्ये गेला, टीव्हीवर दिसू लागला. पार भेस्तानपर्यंत त्याचे फलक लागले. उधन्यातला जो तो खान्देशी माणूस तेव्हा त्याचा लांबचा मामा झाला होता.

मग तो सामना आला. बरोबरीचे गुण, समोरच्या संघाची शेवटची चढाई, आणि ह्याने हात वर केला. स्पर्श पंचांनी पाहिला नव्हता, कॅमेऱ्यालाही दिसला नाही. संघ हरला. ह्याने सामना विकला, असं ठरवून लीगने बंदी घातली. स्वतःहून बाद होणारा माणूस त्यांच्या पाहण्यातच नव्हता.

तो गप्प राहिला, तेव्हा लोक म्हणाले, चोराच्या मनात चांदणं. कोर्टात गेला, तेव्हा तेच म्हणाले, खरा असता तर वकील कशाला लागला असता? टपरीवरचे गुजराती चहावाले काका कप विसळत म्हणत, "आग विना धुमाडो ना नीकळे, भाई." माझं डोकं फिरायचं. माफी मागितली तर बंदी कमी करू, असा लीगचा निरोप आला होता. त्यावर तो एवढंच बोलला, "जे मी करंच नही, त्यानी माफी कसाले मांगू?"

निकाल त्याच्या बाजूने लागला, पण तोवर गुडघे गेले होते. तरी पेढे घेऊन तो टपरीवर आला. गेलेलं नाव परत मिळालं, असं त्या भोळ्याला वाटत होतं. काकांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "वकील सारो मळ्यो ने!" चांगल्या वकिलाचं हे कौतुक ऐकून सगळे हसले. मला त्याच्या तोंडाकडे पाहवेना.

गेल्या वर्षी तो कायमचा गावी निघाला. उधना स्टेशनवर पोचवायला मी एकटाच होतो. गाडी हलली, तसा दारात उभं राहून त्याने निरोपाला हात वर केला. फलाटावरून कोणीतरी त्याला ओळखून ओरडलं, "अरे हातवरे, आता कितीला?"

वर गेलेला त्याचा हात कोणाच्या बोलण्याने खाली आलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.