शेवटचे चार आकडे

प्रयोगशाळेत तिला सगळे पुन्हाताई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तिला ठाऊक होतं. कुणी निकाल घेऊन आलं की ही बया त्याच्याकडे न बघताच म्हणायची, "छान. पुन्हा चालव." विद्यार्थी कपाळावर हात मारून घेत. पण तिच्या नजरेखालून गेलेलं काम कुठेही बिनघोर न्यावं, हेही तेच सांगत.

तिचं काम सांगायला तसं सोपं. रडारला समुद्रावर होडी दिसते तशी लाटही दिसते. उसळलेल्या लाटेला होडी समजलं, तर तो खोटा इशारा. असे इशारे फार झाले की रडारपुढे बसलेला माणूस वैतागून खऱ्याकडेही कानाडोळा करतो. म्हणून एक उंबरठा ठरवायचा. वर गेली ती होडी, खाली राहिलं ते पाणी. दहा हजारांत एक खोटा इशारा चालेल, पण तेवढ्यात होड्या जास्तीत जास्त सापडल्या पाहिजेत. त्या एका उंबरठ्यापायी बाईंनी सात वर्षं घासली होती. येत्या शुक्रवारी पीएच.डी.ची तोंडी परीक्षा. ती पार पडली की पदवी, आणि पदवी हातात आली की त्याच विभागात कायमची नोकरी. एक्केचाळिसाव्या वर्षी दुसरी संधी कोण देतंय?

तर सोमवारी सकाळी तिला काही केल्या चैन पडेना. परीक्षेत दाखवायचे आलेख तयार होते, चहा दोनदा गार झाला होता, पेनाचं टोपण चावून चावून चपटं झालं होतं. संगणकावर दहा लाख वेळा नुसत्या लाटा चालवल्या होत्या आणि खोटे इशारे आले होते बरोबर शंभर. शंभर! ना अठ्ठ्याण्णव, ना एकशे चार. नशीब कधी इतकं मोजूनमापून वागतं होय? ती उठली, खिडकी उघडली, लावली, परत येऊन बसली. शेवटी हे शंभर इशारे कितव्या फेरीत आले त्याची यादीच काढली.

४३१७. १४३१७. २४३१७. ३४३१७.

दर दहा हजार फेऱ्यांनी त्याच लाटा पुन्हा येत होत्या. म्हणजे दहा लाख लाटा नव्हत्याच. दहा हजार होत्या, शंभरदा दळलेल्या. वर उंबरठाही त्यांच्यावरच बेतलेला! आधी पेपर फोडायचा आणि मग पहिला नंबर आला म्हणून मिरवायचं, त्यातलीच गत.

लाटा बनवणारा प्रोग्राम तिचा नव्हता. नवऱ्याचा होता. तो याच प्रयोगशाळेतून, तिच्या याच मार्गदर्शक सरांच्या हाताखाली, याच प्रोग्रामवर पदवी घेऊन बाहेर पडला होता आणि आता एका कॉलेजात विभागप्रमुख होता. दुनियेला "पुन्हा, पुन्हा" म्हणणाऱ्या बाईनं घरचं तेवढं डोळे मिटून घेतलं होतं. स्वतःचाच इतका राग आला तिला की तिनं ते टोपण भिंतीवर भिरकावलं.

मंगळवारचा अख्खा दिवस दुरुस्तीत गेला. आता खोटे इशारे आले तीनशे बारा. ते आवरायला उंबरठा चढवला, तर शंभर होड्यांपैकी ब्याऐंशीऐवजी चौसष्ट सापडल्या. जुनी पद्धत त्रेसष्ट शोधायची. सात वर्षांची कमाई, एक होडी.

बुधवारी सकाळी नवरा शर्टाला इस्त्री करत होता. तिनं लॅपटॉप त्याच्या पुढ्यात ठेवला.

"शेवटचे चार आकडे बघ."

त्यानं इस्त्री उभी केली. बघितलं. दचकला नाही, "हे काय?" म्हणूनही विचारलं नाही. नुसता कॉलर सारखी करत राहिला.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"पदवी मिळाल्यावर लक्षात आलं. तेव्हा बोललो असतो तर हातातली नोकरी गेली असती."

"ते तुझं झालं. माझं काय?"

"तुला प्रोग्राम सरांनी दिला, मी थोडाच..."

"तू गप्प बसलास! सात वर्षं! मी इथे याच टेबलावर डोकं फोडत होते आणि तू मला चहा आणून देत होतास!"

"अगं, पण..." त्याचा आवाज पडला. "तुला सापडेल असं मला वाटलंच नव्हतं."

घाबरलो म्हणाला असता, तर तिनं गिळलंही असतं. लाज वाटली म्हणाला असता, तरी. पण हे तिच्या जिव्हारी लागलं. रडू आलं तेही रागानंच. तिनं ओढणीनं तोंड पुसलं आणि फोन उचलला.

"सर, शुक्रवारची परीक्षा थांबवा. माझे निकाल चुकलेत. हो, सगळे. नाही, फोनवर नको, मी येतेच."

नवऱ्याचा चेहरा उतरला. तो दारापर्यंत तिच्या मागे आला.

"माझं नाव घेणार आहेस?"

"घेणार की," पायात चप्पल सरकवत ती म्हणाली. "नवऱ्याचं नाव घ्यायला लाजणाऱ्यातली मी नव्हे."