नकाशाची मागची बाजू

वैशाखात आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या बाई वारल्या. ज्येष्ठात त्यांच्या जागेवर माझ्या नेमणुकीचं पत्र आलं. सोबत हमीपत्राचा कागद होता: विद्यार्थिनींना डोंगरवाटांवर नेणार नाही. सोमवारी सही करून रुजू व्हायचं होतं. शुक्रवारी मी रतनवाडी गाठली. तिथून कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेत, मग पाचनई, मग हरिश्चंद्रगड. तीन दिवसांची ही वाट बाई दरवर्षी नववीच्या मुलींना चालवत.

चालवत म्हणजे, स्वतः सगळ्यांच्या मागे राहत. पुढे आम्ही, हातात त्यांनी पेनानं काढलेला नकाशा. वर्गात छापील बोलणाऱ्या बाई डोंगर लागला की गावाकडचं बोलत. वाट विचारली तर म्हणत, "मला काय इचारता? मी पाहुनी हाय."

मी तिसगावची. आईवडील ऊसतोडीला जात, म्हणून वसतिगृहात होते. हजेरीलाही माझा आवाज जेमतेम निघे. तरी नकाशा बाईंनी माझ्याच हाती दिला, माझ्या भूगोलाच्या वहीत स्वतः चिकटवून. खिंडीच्या अलीकडे मी सगळ्यांना भलत्याच ओढ्यात उतरवलं. बाई मागून गुमान आल्या. तासाभरानं कडा आडवा आला, तेव्हा दगडावर बसून त्यांनी शेंगा सोलायला घेतल्या.

"बाई, हा ओढा नकाशात नाहीच," मी रडकुंडीला येऊन म्हणाले.

"न्हाईच. आता तुझ्या डोक्यात हाय. शेंगा खा, तिसगावकर."

या सहलीवरून संस्थेच्या अध्यक्षांशी त्यांचं दरवर्षी वाजे. एकदा हजेरीपट ठेवायला गेले, तेव्हा ऑफिसच्या दाराशी मी ऐकलं.

"पोरगी पडली तर जबाबदार कोण?"

"मी," बाई म्हणाल्या. "आणि कधीच न चढता म्हातारी झाली, तर? त्या कागदावर कोण सही करतं?"

या शुक्रवारी रतनवाडीत ठकूबाईंनी भाकरी वाढली. सहलीचं पहिलं जेवण कायम त्यांच्याकडेच असे. "बाई मागंच असतील," म्हणत त्या वाटेकडे बघत राहिल्या. बाई गेल्याचं मी सांगितलं. त्यांच्या हातातली भाकरी तव्यावर टाकायची राहून गेली.

"मंग पोरींना कोन आननार?" त्यांनी विचारलं. "तू का?"

मी ताटातली भाकरी मोडायला घेतली. शाळेची ही नोकरी मला हवी होती.

खिंडीआधीचा तो ओढा मी लांबूनच ओळखला आणि टाळला. वर जाऊन बसले, नववीची भूगोलाची वही काढली. तिच्यात डिंकानं चिकटवलेला बाईंचा नकाशा होता. इतक्या वर्षांनी डिंक सुकला होता; पान उलटताच नकाशा हातात आला. मी पहिल्यांदाच त्याची मागची बाजू पाहिली. टाइप केलेला मजकूर होता: विद्यार्थिनींना डोंगरवाटांवर नेणार नाही. खाली बाईंचं नाव, आणि सहीची जागा कोरी.

त्या निर्जन खिंडीत मी मोठ्यानं हसले. मग नकाशा वहीत ठेवून कुमशेतकडे उतरले.

सोमवारी रुजू झाले. कारकुनानं हमीपत्र मागितलं.

"ते वापरात आहे," मी म्हणाले. माझा आवाज ऑफिसभर ऐकू गेला.

अध्यक्षांनी उद्या बोलावलं आहे. कागद माझ्यासमोर आहे. सहीची जागा कोरी आहे. मागच्या बाजूला मी रतनवाडी, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई आणि गड काढला आहे. तो ओढा काढलेला नाही.